टिंबाआडचं डाळिंब

"हे डाळिंब नव्हे," अंबादासशेठ म्हणाले. "ते डाळिंब पाहिजे."

त्यांच्या एका हातात कॅटलॉगचं फाडलेलं पान होतं आणि दुसऱ्या हाताचं बोट कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकलेलं. पडद्यावर चादरीचं डिझाईन होतं. मधोमध फुटलेलं डाळिंब आणि दोन्ही बाजूंना दोन जाडजूड पोपट. कॅटलॉगच्या पानावरही डाळिंबच होतं, पण तिथे पोपट नव्हते, दाणे बारीक होते आणि देठाला तीन नाजूक पानं होती.

"पोपट कुणी घालायला लावले, शेठ?" नरसय्या मास्तरांनी हळूच विचारलं.

"मीच लावले. तवा बरे वाटले. आता मुंबईची पार्टी म्हणतीय पोपट नकोत, मार्चमधल्या कॅटलॉगातलंच डाळिंब द्या. तिला काय सांगू, पोपट उडवून लावा म्हणून?" शेठ माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमचं सॉफ्टवेअर जुनं सगळं ठेवतंय म्हणाला होता की ओ. काढा बघू."

"काढते की, त्यात काय," मी म्हणाले आणि ऐटीत खुर्ची पुढे ओढली.

ही २००९ सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. सोलापुरात मी आणि तौफिक बागवान अशा दोघांनी मिळून एक सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि दारावर पाटी. आमचं पहिलं सॉफ्टवेअर चादरींच्या कारखान्यांसाठी होतं. त्याचं नाव 'मागोवा'. डिझाईन करणाऱ्याने डिझाईन बदललं की मागोवा आधीचं रूप गुपचूप बाजूला ठेवायचं. पुढे कधी वाटलं, की परवाचंच बरं होतं, तर एक बटण दाबायचं, परवाचं हजर. जगभरचे प्रोग्रॅमर आपल्या कामासाठी अशी साधनं वापरतातच. आम्ही ती कल्पना उचलून चादरीवर आणली होती, एवढंच.

पहिला कारखाना मिळाला तो अंबादासशेठ म्याकल यांचा, अक्कलकोट रोडला. तिथले डिझाईन मास्तर म्हणजे नरसय्या गुंडेटी. वय साठीला टेकलेलं, अंगावर पांढरा सदरा, खिशात तीन रंगांच्या पेन्सिली. चाळीस वर्षं त्यांनी चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून डिझाईनं केली होती. त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची आणि पत्ते मागावर चढवायचे. आता कॉम्प्युटर आला तर मास्तर तोही शिकले. जुनी चाळीस डिझाईनं त्यांनी कागदावरून कॉम्प्युटरवर उतरवली आणि एक नवीन केलं, कागदाला न शिवता, थेट पडद्यावर. ते डाळिंब.

तर मी ऐटीत मागोवा उघडलं, डाळिंबावर टिचकी मारली आणि 'जुनी रूपं' हे बटण दाबलं.

पडद्यावर आलं: एकही जुनं रूप नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दुसरं डिझाईन उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे तेच. 

"काय झालं ओ?" शेठ.

"एक मिनिट. मास्तर, हा कॉम्प्युटर नवीन दिसतोय."

"शनिवारीच आला की," मास्तर कौतुकाने म्हणाले. "पडदा बघा केवढा मोठा. जुना लई गरम होत होता."

"आणि जुन्यातलं सगळं ह्यात कुणी आणलं?"

"मीच!" मास्तरांचा चेहरा उजळला. "कुणाला बोलावलं नाही. एकेका डिझाईनच्या फोल्डरात गेलो, कंट्रोल आणि ए दाबलं. सगळं निळं झालं. जेवढं निळं झालं तेवढं सगळं कॉपी करून आणलं. एक्केचाळीस डिझाईनं, एक्केचाळीस वेळा."

"पण मास्तर!" माझा आवाज चढला. माझ्या नाकावर तेव्हा राग कायम तयारच असायचा. "मला एक फोन करायचा ना! असं कुणी कॉम्प्युटर बदलतं का? सगळं जुनं घालवलंत तुम्ही!"

मास्तरांचा उजळलेला चेहरा तिथल्या तिथे विझला.

"सगळं आणलं की ओ म्याडम," ते चाचरत म्हणाले. "निळं झालेलं एकसुद्धा सोडलं नाही."

आणि नेमकं त्याच क्षणी मला कळलं काय झालंय ते. कळलं आणि मी गप्प बसले. हे गप्प बसणं आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

झालं होतं असं. मागोवा जुनी रूपं ठेवायचं ती प्रत्येक डिझाईनच्या फोल्डरात, आत आणखी एक छोटं फोल्डर करून. त्या छोट्या फोल्डरला नाव काय द्यायचं, यावरून मी आणि तौफिक आठ महिन्यांपूर्वी चार दिवस भांडलो होतो. नुसत्या नावावरून! लोकांना हसू येईल, पण प्रोग्रॅमर माणसं असल्या गोष्टींवरून जीव तोडून भांडतात.

तौफिकचं म्हणणं, नाव सरळ दिसेल असं ठेवू. "सीव्हीएस बघ ना," तो म्हणायचा, "किती जुनं साधन. प्रत्येक फोल्डरात उघड उघड मोठ्या अक्षरांत सीव्हीएस नावाचं फोल्डर टाकतं. कसली लाज नाही."

"आणि लोक ते कचरा समजून उडवतात," मी म्हणायचे. "म्हणून तर त्याच्यानंतरच्या सबव्हर्जनने नावाच्या आधी टिंब लावलं. डॉट एसव्हीएन. गिटचं बघ, डॉट गिट. नावाआधी टिंब असलं की फोल्डर यादीत दिसत नाही. दिसलं नाही की कुणी हात लावत नाही."

"ते लिनक्सवर. आपल्या गिऱ्हाइकांकडे विंडोज आहे. तिथे टिंबाला कुणी विचारत नाही. विंडोजवर तर काही लोकांना सबव्हर्जनचं टिंब काढून त्याजागी अंडरस्कोरची खालची रेघ लावावी लागली होती. आणि डार्क्स नावाचं साधन काढणाऱ्यांनी तर नावाची सुरुवातच रेघेने केली, उघड दिसेल अशी."

"मग आपण टिंबही लावू आणि वर 'लपवलेलं' अशी खूणही करू. दुहेरी कुलूप."

"हेमांगी, माणसाच्या घरात त्याच्यापासूनच काय लपवायचं?"

"लपवायचं नाही, जपायचं," मी म्हणाले. असली वाक्यं मला तेव्हा भराभर सुचायची. शेवटी तौफिक कंटाळला आणि मी जिंकले. फोल्डरचं नाव ठरलं 'डॉट मागोवा'. आधी टिंब, वर लपवल्याची खूण.

आणि लपवलेली वस्तू कंट्रोल-ए दाबल्यावर निळी होत नाही. जी दिसतच नाही ती निळी कशी होणार? मास्तरांनी जे जे दिसलं ते सगळं इमानदारीने आणलं होतं. जे मी त्यांना दिसू दिलं नव्हतं, ते मागे राहिलं होतं.

पण हे मी बोलले नाही. मी काय केलं, तर मोठ्या आवाजात म्हणाले, "थांबा, मी शोधते," आणि अख्ख्या नव्या कॉम्प्युटरमध्ये 'डॉट मागोवा' नावाचं काही आहे का ते शोधायला लावलं. लपवलेलंसुद्धा शोध, असं सांगून. कॉम्प्युटर बराच वेळ गुरगुरला आणि म्हणाला, शून्य.

"जुना कॉम्प्युटर कुठाय?"

"दुकानदार घेऊन गेला, नव्याच्या बदल्यात," शेठ म्हणाले.

दुकानदाराला फोन लावला. तो आनंदात होता. "अहो म्याडम, तो तर कालच फॉरमॅट मारून बार्शीला पाठवला. क्लासवाल्यांना पाहिजे होता. काय राहिलं होतं का त्यात?"

"नाही, काही नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला. 

शेठनी कॅटलॉगचं पान घडी करून खिशात घातलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे बोलले.

"मास्तर, गुरुवारी नमुना मागावरून उतरून मुंबईला जायला पाहिजे. आज सोमवार. हे चित्र बघून परत काढायला किती दिवस?"

मास्तरांनी मनात हिशेब केला. "फोटो बारीक आहे, शेठ. चौकट चौकट अंदाजानं भरावी लागंल. पंधरा दिवस तरी."

"म्हणजे गेलंच," शेठ म्हणाले. "रागावू नका मास्तर, पण मी बरेच दिवस म्हणतोय, डिझाईनचं काम सुरतच्या लोकांना देऊन टाकावं. ते सगळं कॉम्प्युटरवरच करतेत. तुम्हाला हे कॉम्प्युटरचं जमंना, त्यात तुमची काय चूक? वय झालं. गुरुवारपर्यंत बघतो. नाही तर तुम्ही आता आराम करा."

 मास्तरांनी खिशातली निळी पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं आणि परत ठेवली.

शेठ मागांच्या बाजूला निघून गेले. तिकडे पन्नास माग एकाच वेळी खडखडत होते. मास्तरांच्या खोलीत काचेआड तो आवाज जरा कमी व्हायचा. मी पडद्याकडे बघत बसले. खरं सांगायचं तर तेव्हा मी मास्तरांचा विचार करत नव्हते. 'पहिलं गिऱ्हाईक गेलं, तौफिकला काय सांगू' एवढंच डोक्यात होतं.

तौफिकला फोन केलाच.

"कंट्रोल-ए?" तो म्हणाला. "म्हणजे लपवलेलं राहिलं."

"हो."

"मी म्हणालो होतो."

"तौफिक, आत्ता नको."

"बरं नाही म्हणत. शेठना सांगितलंस का चूक आपली आहे म्हणून?"

मी फोन कापला. रेंज गेली असं नंतर सांगितलं.

मास्तरांनी दोन चहा मागवले. एक कप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः उभेच राहिले. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीवर मला बसवून हा माणूस उभा होता.

"बसा ना मास्तर."

"बसतो की. म्याडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"नाही हो."

"तुम्ही मघाशी रागावलात."

"ते... ते असू दे. विचारा."

मास्तरांनी काचेतून शेठ लांब असल्याची खात्री करून घेतली. "तुमचं ते जे शोधत होता. टिंबवालं. ते नाव बदललेलं असलं तर सापडंल का?"

मी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"माझ्याकडून एक चूक झाली आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला, की मागांच्या खडखडाटात मला पुढे वाकावं लागलं. "तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं, सॉफ्टवेअरच्या आतल्या कशाला हात लावू नका. मी लावला."

"कधी? कशाला?"

"उन्हाळ्यात पेनड्राईव्हमधून व्हायरस आला होता बघा. तो काढायला एकजण आला. तो म्हणाला, व्हायरस फोल्डर लपवून ठेवतोय, म्हणून त्यानं लपलेलं सगळं उघडं केलं. मग मला दिसलं. प्रत्येक डिझाईनच्या पोटात एक फिकट फोल्डर, टिंबाचं. तो म्हणाला हे पण व्हायरसच दिसतंय, सगळीकडं एकच नाव आहे, उडवू का? मी म्हटलं, थांब बाबा. आत बघितलं तर माझीच डाळिंबं! तेवीस डाळिंबं ओळीनं ठेवलेली. पहिल्या दिवसाचं वेडंवाकडंसुद्धा. म्हटलं, हे तर म्याडमचं काम."

"मग?"

"मग मला भ्या वाटलं. हा गेला, उद्या दुसरा कोण येईल आणि कचरा म्हणून उडवेल. टिंबाला काय कळतंय, कुणाचं आहे ते? म्हणून मी डाळिंबाच्या फोल्डरातल्याचं नाव बदललं. आणि त्यानं दाखवली होती तशी ती लपवल्याची खूण पण काढली, फिकटाचं चांगलं पिवळं झालं. नंतर मागोवा उघडलं तर ते म्हणतंय एकही जुनं रूप नाही!  परत जुनं नाव द्यायला गेलो. टिंब लावून नाव लिहिलं तर कॉम्प्युटर घेईना. म्हणतोय नाव लिहा, नाव लिहा. अवो लिहिलंय की! दहा वेळा लिहिलं. दिवसभर लिहिलं."

मला हसू आवरेना. खरंच घेत नसे तेव्हा विंडोज. टिंबाने सुरू होणारं नाव हाताने द्यायला गेलं, की त्याला वाटायचं नावच दिलं नाही. सॉफ्टवेअरने दिलं तर चालायचं, माणसाने दिलं तर नाही.

"मला सांगितलं का नाही मग?"

"सांगणार होतो. तुम्ही पुढच्याच आठवड्यात आलात. आल्या आल्या म्हणालात, हे लपलेलं उघडं कुणी केलं, आणि खाट्कन परत झाकून टाकलंत. माझं तोंडच उघडलं नाही. बाकीच्या चाळिसांना हात लावायची हिंमत झाली नाही. पण डाळिंबाचं म्हणजे..." मास्तर थांबले. "ते कागदावर नाही ना म्याडम. बाकी सगळी माझ्याकडं कागदावर आहेत. ते एकच नाही."

मी मागोवा बंद केलं. साधं, सगळे उघडतात तसं डाळिंबाचं फोल्डर उघडलं. आठ महिन्यांत त्या फोल्डरात मी अशी कधी गेलेच नव्हते. मी नेहमी माझ्या सॉफ्टवेअरच्या दारातून आत जायचे.

आत डाळिंबाची फाईल होती आणि शेजारी एक पिवळं फोल्डर. खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: हेमांगी म्याडम.



"माझं नाव?"

"तुमचंच आहे की ते," मास्तर म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "इथं कारखान्यात असंच असतंय. ज्याची वस्तू त्याचं नाव. नाव नसलेली वस्तू झाडलोटीत जाती. नाव असलेली वस्तू कोण टाकत नाही, हलवताना आधी उचलतेत."

मी मान वर केली आणि पहिल्यांदा ती खोली नीट बघितली. कात्रीच्या मुठीवर खिळ्याने कोरलं होतं: नरसय्या. स्टुलाच्या पायावर रंगाने: नरसय्या. पाण्याच्या तांब्यावर, फूटपट्टीवर, छत्रीच्या दांड्यावरसुद्धा. काचेपलीकडे मागांच्या शेजारी खुंट्यांवर डबे टांगलेले होते आणि प्रत्येकावर नाव होतं: यल्लप्पा, राजू, अनसूया, मोठा लक्ष्मण, धाकटा लक्ष्मण. आठ महिने मी तिथे येत होते.

"सापडलं का?" मास्तर घाबरत घाबरत विचारत होते. "आहे का आत?"

मी फोल्डर उघडलं. तेवीसच्या तेवीस डाळिंबं ओळीने बसलेली. मी हुकूम टाईप करायची ती काळी खिडकी उघडली, जिथे कॉम्प्युटरला टिंबाचं वावडं नसतं, आणि एका ओळीत जुनं नाव परत दिलं. मागोवा उघडलं. 'जुनी रूपं' दाबलं. भराभर यादी उतरली. ९ मार्च. टिचकी मारली. पोपट गेले. बारीक दाणे आले, देठाला तीन पानं आली.

"अय्यो!" मास्तर ओरडले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पडद्यासमोर हात जोडले. मग माझ्याकडे बघून हात जोडले. मग स्वतःच हसायला लागले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"शेठना बोलावतो," म्हणत ते दाराकडे धावलेच.

"मास्तर, थांबा. मी बोलावते."

मी मागांच्या मधल्या वाटेने गेले. शेठ एका मागाशी वाकून काहीतरी बघत होते. तिथे ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मला वाटलं होतं खोलीत नेऊन हळू आवाजात सांगावं. पण मघाशी मास्तरांना मी हळू आवाजात बोलले नव्हते.

"शेठ! डाळिंब सापडलं!"

"काय?"

"डाळिंब! सापडलं! आणि शेठ, चूक माझी होती!"

जवळच्या दोन मागांवरच्या बायकांनी माना वळवल्या.

"चूक काय म्हणता?"

"मास्तरांनी सगळं बरोबर आणलं होतं! मीच ते लपवून ठेवलं होतं, त्यांना दिसणार नाही असं! म्हणून राहिलं! मघाशी मला कळलं होतं पण मी बोलले नाही!" माझा घसा बसायला आला होता. "आणि डाळिंब वाचलं ते मास्तरांनी माझं ऐकलं नाही म्हणून! त्यांना कॉम्प्युटर चांगला जमतो! मलाच जमला नाही!"

शेठनी शेजारच्या बाईला खूण केली. तिने तिचा माग थांबवला, दुसरीने तिचा थांबवला. थोडं शांत झालं.

"म्हणजे मास्तरांनी तुमचं ऐकलं असतं, तर माझी ऑर्डर गेली असती?"

"हो."

शेठनी माझ्याकडे बघितलं, मग काचेआड उभ्या असलेल्या मास्तरांकडे. "चाळीस वर्षं हा माणूस माझं ऐकत नाही, माझ्या वडिलांचं ऐकत नव्हता," ते म्हणाले. "पोपट घालायला त्याला मी आठ दिवस सांगत होतो." आणि ते जे हसायला लागले ते थांबेचनात. माग थांबवलेल्या बायकाही हसायला लागल्या. मीही हसले, पण मला रडू येत होतं.

बुधवारी दुपारी नमुना मागावरून उतरला. गुरुवारी मुंबईला गेला. पार्टीला आवडला. सुरतचं नाव त्या कारखान्यात परत मी ऐकलं नाही.

तौफिकला मी सगळं सांगितलं, फोन कापल्याचंसुद्धा. तो फक्त म्हणाला, "मग आता नाव काय द्यायचं फोल्डरला?" या वेळी आम्ही पाच मिनिटंही भांडलो नाही. टिंब काढलं, लपवल्याची खूण काढली, आणि नाव आम्ही द्यायचंच नाही असं ठरवलं.

पुढच्या सोमवारी मी नवीन मागोवा घेऊन गेले. मास्तरांना त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि मी स्टूल घेतलं. डाळिंब उघडल्यावर पडद्यावर एक चौकोन आला. त्यात लिहिलं होतं: हे काम कोणाचं?

"इथं काय लिहायचं?" मास्तर.

"नाव. जे लिहाल तेच त्या फोल्डरचं नाव होईल. सगळ्यांना दिसेल."

मास्तरांनी हात की-बोर्डवर नेले. सवयीने कारखान्याच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं. मग थांबले, ते खोडलं.

"म्याकलांचा कारखाना आहे. चादरीवर लेबल त्यांचं असतंय."

"लेबल त्यांचंच राहू दे. हे आतलं आहे. डिझाईन कुणी केलंय?"

"मी."

"मग?"

"चाळीस वर्षं काम केलं, म्याडम. कात्रीवर आहे माझं नाव. डिझाईनवर कधी घातलं नाही."

मी की-बोर्ड त्यांच्या आणखी जवळ सरकवला. 

"मराठीत चालंल का?"

"चालतं. मी सोय करून आणलीय."

मास्तरांनी चष्मा पुसला. एका बोटाने एकेक अक्षर शोधायला लागले. 'न' सापडला. 'र' सापडला. 'य्या' कसा करायचा ते मी एकदा दाखवलं, तो तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. गुंडेटीतला अनुस्वार आधी भलत्याच अक्षरावर बसला, तो त्यांनी खोडून परत घातला. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली आणि लांबून बघितलं, जसं ते डिझाईन बघायचे.

नरसय्या लक्ष्मय्या गुंडेटी.

"बरोबर आहे का?"

"एकदम बरोबर."

त्यांनी एंटर दाबलं. फोल्डर झालं.

"बाकीच्या चाळिसांना पण घालता येईल का, म्याडम?"

"येईल की."

मास्तरांनी दुसरं डिझाईन उघडलं. चौकोन आला. पुन्हा चष्मा नीट केला, पुन्हा 'न' पासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी 'य्या' दोनदा चुकला. पाचव्या वेळी एकदाही नाही. मी स्टुलावर बसून बघत होते. अकरा वाजले, चहा येऊन गेला, जेवणाची घंटा झाली, सगळे डबे उघडून बसले तरी मास्तर उठले नाहीत. प्रत्येक वेळी पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि प्रत्येक वेळी खुर्ची मागे घेऊन एकदा बघणं.

ती चाळीस नावं मी काळ्या खिडकीत एका ओळीत, अर्ध्या मिनिटात घालून दिली असती. मी ते सांगितलं नाही.